बपेऱ्याच्या मंगरूचा फोटो

फोटोग्राफरकडे माणसं दोनच कारणांनी धावत येतात. घरात लग्न निघालं की, नाहीतर घरातलं कोणी गेलं की. सुमनबाई दोन्ही कारणं एकाच पिशवीत घालून आली, आणि वर एकोणीस वर्षं उशीर झाला म्हणून माझीच माफी मागायला लागली.

एकोणनव्वद सालचा एप्रिल चालू होता. भंडाऱ्यात भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत माझा स्टुडिओ. भिंतीपलीकडे तुलारामचं पितळी भांड्यांचं दुकान, तिथे दिवसभर ठोकाठोक चालते आणि नेमक्या क्षणी माझ्या गिऱ्हाइकांचे डोळे मिटतात. जिल्ह्यातल्या निम्म्या ओळखपत्रांवर माणसं झोपलेली दिसतात, त्याला मी नाही, तुलाराम जबाबदार आहे. हे मी वीस वर्षं ओरडून सांगतो आहे, पण ठोकाठोकीत कोणाला ऐकू जात नाही.

तर त्या दिवशी भर दुपारी चाळिशीची एक बाई दारात उभी राहिली. पायात धूळ, डोक्यावर पदर, हातात नायलॉनची पिशवी.

"तुम्हीच का जी इश्वरभाऊ फोटोवाले?"

"हो. बसा."

"बसत नाही. माह्या घरवाल्याचा फोटो न्याले आली."

मी रजिस्टर ओढलं. "नाव?"

"मंगरू मेश्राम. बपेरा."

"कधी काढला होता?"

"पटात. शंकरपटात काढला होता तुम्ही."

"कोणत्या साली?"

बाईनं जरा विचार केला. "पोरगी पोटात होती तवा."

"अन् पोरगी केवढी हाय आता?"

"लगन हाय न तिचं, पंधरा मेले."

माझी पेन्सिल जागच्या जागी थांबली. बाई घाईघाईनं म्हणाली, "उशीर झाला जी, मालूम हाय मले. पन येनंच नाही झालं. फेकला तं नसन न तुम्ही?"

मग तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सत्तर सालच्या जानेवारीत बपेऱ्याकडे पट भरला होता. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. धनीराम पाटलाची जोडी पहिली आली. ती हाकणारा धुरकरी होता मंगरू. मी त्याला उभा करून फोटो काढला आणि 'पुढच्या मंगळवारी भंडाऱ्याला येऊन घेऊन जा' असं सांगितलं. त्याला येणं जमलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टात बावनथडीला पूर आला, पाटलाचे बैल पलीकडे अडकले, मंगरू त्यांना आणायला पाण्यात उतरला. बैल बाहेर आले. मंगरू दोन दिवसांनी खालच्या गावाला सापडला. सप्टेंबरात विमल जन्मली.

"त्याचा दुसरा फोटो नाही?"

"नाही जी. कोन काढते आमचा? मी म्हनो, जा न एकडाव, घेऊन ये. तं तो म्हने, घरी नसला म्हून काय झालं, भंडाऱ्यात तं हाय न आपला फोटो. कुठी जाते?" हे सांगताना ती हसली. "आता पोरगी म्हंते, मांडवात टेबलावर बुद्धाचा फोटो राहीन, बाबासाहेबाचा राहीन, तिसरा माह्या बापाचा पायजे. बाप कसा दिसे, एकडाव तं पाहू दे मले."

इथे मला एक धंद्याची गोष्ट सांगायला हवी. ती मी तोवर बायकोशिवाय कोणाला सांगितलेली नव्हती, आणि बायकोलाही सांगितली नव्हती. तिनं ती शोधून काढली.

त्या काळी एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे. पटात माणसं असायची पाच हजार, आणि गळ्यात कॅमेरा दिसला की त्यातली चार हजार 'भाऊ, माहा बी काढा' म्हणत अंगावर यायची. बैल दिसेनासे व्हायचे. माझ्या नागपूरच्या उस्तादांनी त्यावर तोड शिकवली होती. दोन कॅमेरे न्यायचे. छातीवरच्या कॅमेऱ्यात रोल, खांद्यावरचा खाली, म्हणजे रिकामा. "बड्यांले रोल, बाकीच्यांले आवाज," असं ते म्हणत. खांद्यावरचा डोळ्याला लावायचा, हनुवटी वर करायला सांगायचं, खट् करायचं. माणूस खूश होऊन बाजूला होतो. त्याला सांगायचं, पुढच्या मंगळवारी या. मंगळवारी आमचं दुकान बंद असतं.

सगळेच फोटोवाले असं करत. मी वाईट माणूस नाही, असं मला त्या दुपारपर्यंत वाटत होतं.

धनीराम पाटलाच्या धुरकऱ्यावर मी बारातला एक फोटो खर्च केला असेल, हे शक्यच नव्हतं. तिला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. पण ती दोन एसट्या बदलून आली होती.

"शोधून ठेवतो," मी म्हटलं. "आठ दिवसांनी या."

"कोनत्या वारी?"

"मंगळ... बुधवारी."

इथून पुढे जे झालं त्याचा दोष मी शेजाऱ्यांना देतो. माणसाला शेजार नसता तर तो एका खोट्यावर थांबला असता.

माळ्यावर दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. माझी वीस वर्षांची कमाई त्यात होती, म्हणजे निगेटिव्ह. पट, दंडारीचे खेळ, भजनाचे सप्ताह, कव्वालीचे मुकाबले, भीमगीतांचे कार्यक्रम. ही पेटी उघडली की मी एक दिवस मोठं प्रदर्शन भरवणार, असं मी लग्नाच्या वर्षी बायकोला, म्हणजे निर्मलाला, सांगितलं होतं. पेटी उघडली तर आतून वास आला आणि निर्मला नाकाला पदर लावून मागे सरली. निम्म्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांच्या वड्या झाल्या होत्या. उरलेल्यांवर बुरशी होती. मी त्या न्हाणीघरातल्या टपात भिजत घातल्या आणि अंगणात कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत टाकल्या. घरातले धुतलेले कपडे आत खाटेवर गेले. निर्मलाची स्वयंपाकघरातली भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजू लागली. भिंतीपलीकडून तुलारामला वाटलं, कोणी नवीन दुकान काढलं.

तो पाहायला आला. त्याच्या मागे श्रावणगुरुजी आले. गुरुजी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून कोणी काही विचारील म्हणून वाट पाहत होते.

"काय करून राहिला गा?" तुलाराम म्हणाला.

मी सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. फोटो आहे, पण सापडत नाही, इतकंच.

"अरे, इतकंच नं? पाहू आपन!" म्हणून दोघं उन्हात निगेटिव्ह डोळ्यांसमोर धरून उभे राहिले. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं. एका भजनी मंडळाला तुलाराम बराच वेळ इंग्रज समजत होता. गुरुजींना एका दंडारीच्या गर्दीत त्यांचे मेहुणे सापडले. त्या वर्षी मेहुणे आजारी म्हणून गुरुजींच्या बहिणीच्या हातचं पथ्याचं खात होते, असा गुरुजींचा समज होता. मेहुणे पहिल्या रांगेत भजी खात बसले होते. गुरुजी तडक बहिणीकडे निघाले, त्यांना थांबवण्यात एक दुपार गेली.

पण त्या दोघांना घरी पाठवून मी एकटाच जेव्हा एकेक निगेटिव्ह काचेवर ठेवून पाहू लागलो, तेव्हा मला काही बरं वाटेना. सात वर्षांचे पट होते. बैल काय देखणे आले होते! शिंगांचा झळाळ, नाकपुड्या, खुरांखालून उडालेली माती, सगळं धारदार. बैलांशेजारी पाटील. पाटलाशेजारी सरपंच. सरपंचाशेजारी गळ्यात हार घातलेला कोणी साहेब. आणि सात वर्षांत धुरकऱ्याचं एक तोंड नाही. कुठे कोपर, कुठे पागोट्याचं टोक, कुठे पाठ. कार्यक्रमांच्या फोटोंतही तसंच. स्टेजवर पाहुणे असले की रोल, पाहुणे उठले की खाली कॅमेरा. जे लोक रात्रभर गात, त्यांचे फोटो मी पाहुण्यांच्या मागे चुकून आले तेवढेच काढले होते. मी उत्तम फोटोग्राफर आहे असं मला वाटे, त्याचा पुरावा पाहायला मी पेटी उघडली होती. पुरावा निराळाच निघाला.

धनीराम पाटलाची जोडी सापडली. पाटील मध्ये, दोन्ही बाजूंना बैल. डावीकडच्या बैलाची दोरी ताणलेली आहे आणि ती फोटोच्या कडेला संपते. दोरीचं दुसरं टोक कोणीतरी धरलेलं असणारच. मला ते आठवलं. मीच त्याला म्हटलं होतं, ए, बाजूला हो.

तुलारामला मी ही निगेटिव्ह दाखवली. तो खचला नाही. खचणं त्याच्या स्वभावात नाही. "पहिल्या जोडीचा फोटो सरकारात जाये न तवा," तो म्हणाला. "फाईल असन. सरकार काही फेकत नाही."

जनावरांशी संबंध असलेली ती कचेरी कोणती, ते मी सांगत नाही. खिडकीतल्या कारकुनानं मला नीट ऐकून घेतलं.

"बैल तुमचे?"

"नाही."

"मग मालकाचं संमतीपत्र लागेल."

"मालक वारले."

"आणि बैल?"

"बैलही वारले."

"मग मृत्यूचा दाखला जोडावा लागेल."

"कोणाचा?"

तो विचारात पडला. शेवटी म्हणाला, "दोन्हींचा जोडा. कमीजास्त झालं तर मी जबाबदार नाही."

बैलाच्या मृत्यूचा दाखला कोण देतो, हे शोधण्यात माझे दोन दिवस गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी मला आपादमस्तक पाहून घरी कोण असतं ते विचारलं. तिसऱ्या खेपेला कारकून रजेवर होता आणि त्याच्या जागी बसलेल्या बाईंनी काही न विचारता फाईल समोर ठेवली. आत माझाच फोटो होता. पाटील, दोन बैल, आणि दोरी जिथे संपते नेमकी तिथे कचेरीचा गोल शिक्का.

"हाच ना?" बाईंनी विचारलं.

"हाच. पण मला यातला माणूस पाहिजे होता."

"बैलांच्या फाईलीत माणूस कसा येईल?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

मग बुधवार आला, आणि सुमनबाई आली. अजून शोध चालू आहे, ओळख पटवायला चेहऱ्याची माहिती हवी, असं मी तिला सांगितलं. गुरुजी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तुलारामनं दुकान बंद केलं होतं.

"रंग कसा होता?"

"काया."

"नाक?"

"नाकासारखं नाक."

"उंची?"

"दाराले लागे डोकं. पन दारच बुटकं हाय आमचं."

गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली. मग तिनं आपणहून सांगितलं. डाव्या गालावर तीळ होता. कपाळावर केसांची एक बट यायची, ती तो सारखी मागे सारायचा. आणि हसताना खाली पाहायचा. "समोरच्याकडे पाहून हसतच नव्हता जी. लाजे." हे बोलताना ती कोणाकडे पाहत नव्हती. ती त्यालाच पाहत होती, आमच्या तिघांच्या मधून कुठेतरी.

ती गेल्यावर तुलारामनं दार लावून घेतलं. "आता पाय इश्वर," तो म्हणाला, "पोरीनं बाप पायला नाही. दुसऱ्या कोनी पायला तो एकोणीस वर्सांपयले. कोनाले याद हाय? तीळ असला अन् खाली पाहून हसत असला का झाला मंगरू."

मी नको म्हटलं. पण मी ज्या आवाजात नको म्हटलं, त्याला हो म्हणतात.

चौऱ्याहत्तर साली तुमसरला चौदा एप्रिलचा भीमगीतांचा कार्यक्रम झाला होता. त्यातल्या एका फोटोत प्रमुख पाहुणे माईकशी उभे आहेत, आणि त्यांच्या मागे बाजाच्या पेटीवर हात ठेवून एक गायक बसला आहे. काळासावळा, कपाळावर बट, खाली पाहून हसतो आहे. कोण कुठला, नाव-गाव काही ठाऊक नाही. "मेला बी असन आता," तुलाराम म्हणाला, जणू ती सोयीची गोष्ट होती.

गुरुजींनी ब्रश हाती घेतला. पाहुणे गेले. पेटी गेली. पाहुण्यांचा कोपर गायकाच्या हनुवटीवर आला होता, तो पुसला तर हनुवटीही गेली, ती गुरुजींनी आपल्या मनानं नवी काढली. तीळ पहिल्यांदा उजव्या गालावर लागला. डावा म्हणजे बघणाऱ्याचा की बसणाऱ्याचा, यावर दोघांचं एवढं बिनसलं की तुलाराम गुरुजींना म्हणाला, तुमच्या मेहुण्याच्याच लायकीचे आहात तुम्ही. तीळ पुसून पुन्हा लावावा लागला.

निर्मला दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. "खोटं बोलाले तीन मानसं लागून राहिले तुम्हाले," ती म्हणाली. "खरं सांगाले एक पुरते."

"तिचं मन मोडीन गं."

"तिचं का तुमची अब्रू?"

या प्रश्नाचं उत्तर ज्या नवऱ्याकडे असेल त्यानं द्यावं.

पुढच्या बुधवारी सुमनबाई विमलला घेऊन आली. सडपातळ, आईसारखीच काळीसावळी, हातात रुमाल चुरगळत उभी. मी फ्रेमवरचा कागद काढला. भिंतीपलीकडची ठोकाठोक थांबली, म्हणजे तुलाराम कान लावून होता.

विमल कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आई, बाबा असे होते?"

सुमनबाईनं फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली.

"हो," ती म्हणाली. "असेच होते."

विमलनं फ्रेम छातीशी धरली आणि रडू लागली, आणि रडताना हसू लागली. पैसे मी घेतले नाहीत. पायरी उतरताना सुमनबाई वळली आणि हळूच म्हणाली, "तीळ बराबर लावला जी तुम्ही." मग म्हणाली, "लगनाले या. फोटो काढाले नाही, जेवाले या."

मी त्या रात्री जेवलो नाही.

पंधरा मेला निर्मलासह आम्ही चौघं बपेऱ्याला गेलो. गुरुजींना आपली कलाकृती मांडवात पाहायची होती आणि तुलारामला बुंदी खायची होती. तुमसरला एसटी बदलून उतरेपर्यंत अंगाची भाजी झाली होती. मांडव जांभळीच्या डहाळ्यांचा, गार. टेबलावर पांढरं कापड, मध्ये बुद्ध, शेजारी बाबासाहेब, आणि तिसरा, झेंडूचा मोठा हार घातलेला, आमचा. गावातली म्हातारी माणसं येत होती, पाहत होती. "मंगरूच तो!" एक आजोबा म्हणाले. "हुबेहूब." दुसरे म्हणाले, "हनुवटी जरा मोठी आली." गुरुजींनी मान फिरवली.

मग तिरोड्याकडून वऱ्हाड आलं. नवऱ्या मुलाचे मामा पुढे होते. पन्नाशी उलटलेले, पांढरे केस, पांढरा सदरा, बोलणं गोड. डोमाजी, असं त्यांना सगळे हाक मारत होते. मोठे गाणारे आहेत, असं कोणी सांगितलं. ते पहिल्या रांगेत बसले, टेबलाकडे पाहून हात जोडले आणि हात जोडलेलेच राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कपाळावरची बट मागे सारली.

मला पुढचं कळलं, आणि माझ्या दोन सल्लागारांनाही कळलं. गुरुजी पाणी प्यायला गेले. तुलाराम परतीच्या एसटीची वेळ विचारायला गेला. लग्नाचा मांडव होता म्हणून, नाहीतर मी नदीकडे गेलो असतो. भंडारा जिल्ह्यात कोणीच कोणाला परका नसतो, फार तर एक सोयरीक मध्ये असते, हे मला पंचेचाळीस वर्षं तिथे राहून सुचू नये?

डोमाजी उठले, टेबलाशी गेले, वाकून पाहिलं. वळले तर समोर गळ्यात कॅमेरा घातलेला मी.

"भाऊ," ते अगदी हळू म्हणाले, "तुमसर. चौऱ्याहत्तर?"

"हो जी."

"मंगळवारी या म्हटलं होतं तुम्ही. तीन मंगळवार आलो मी. दुकान बंद राहे."

मी हात जोडले.

"हा हार मले घातला हाय?"

"हो जी."

"अन् हा तीळ?"

"तो मंगरूचा हाय."

मग त्या मांडवाच्या खांबाशी उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. खाली कॅमेरा, मंगळवार, पेट्या, कोपर, हनुवटी, सगळं. दोन मिनिटं लागली. निर्मलाचं म्हणणं खरं होतं, एक माणूस पुरला.

"पोरीले मालूम हाय?"

"नाही."

"आईले?"

"मालूम हाय."

ते मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरचं एक फूल उचललं, आपल्याच फोटोपुढे ठेवलं आणि नमस्कार करून जागेवर जाऊन बसले.

लग्न लागलं. त्रिशरण, पंचशील झालं. लोकांनी डोमाजींना गाण्याचा आग्रह केला. माईक न घेता ते दोन कडवी गायले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा खाली पाहून हसले. विमल त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. मोठ्यांच्या पाया पडताना ती त्यांच्यापाशी आली आणि वाकायच्या ऐवजी उभीच राहिली.

"मामाजी," ती म्हणाली, "तुम्ही माह्या बाबासारखे दिसता."

डोमाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हो पोरी," ते म्हणाले. "फोटो पायला तवा मले बी तसंच वाटलं." विमल त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. वऱ्हाडातल्या बायकांनीही डोळे पुसले. गुरुजी तर हमसून हमसून रडत होते, पण ते हनुवटीमुळेही असेल.

संध्याकाळच्या आत वऱ्हाड निघालं. ट्रॅक्टरवर चढताना विमलनं फ्रेम मागून घेतली आणि मांडीवर धरून नेली. टेबलावर दोन फोटो राहिले आणि हारातून गळलेला थोडा झेंडू.

सुमनबाई तिथेच खाली बसली होती. मी जाऊन समोर बसलो.

"बाई," मी म्हटलं, "पटात मंगरूचा फोटो काढला तवा त्या कॅमेऱ्यात रोल नव्हता. तो फोटो कधी निघालाच नाही. तुम्ही पयल्या दिवशी आल्या तवाच सांगाले पायजे होतं."

"असन जी," ती म्हणाली. रागावली नाही. झेंडूच्या पाकळ्या गोळा करत राहिली. "पोरीले बाप भेटला. बेस झालं ते." मग म्हणाली, "पन एक सांगू का भाऊ? एकोणीस वर्सं डोये मिटले का तो दिसे मले. जसाच्या तसा. अन् हा फोटो तीन हप्ते भितीवर होता, येता-जाता समोर. आता डोये मिटले का हेच मामाजी दिसून राहिले. त्याचं तोंड येऊनच नाही राहिलं. किती याद करतो, येत नाही."

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर एकदम आशा दिसली.

"तुम्ही तं पायला होता न जी त्याले? समोर उभा केला होता, हनुवटी वर कर म्हटलं होतं, सांगे तो मले. सांगा न मंग. कसा दिसे?"

एखादं बरं खोटं मला त्या क्षणी सुचलंही असतं. नाक, डोळे, काहीही. ती वाट पाहत होती.

"नाही जी बाई," मी म्हटलं. "मी बैलांकडे पाहून राहिलो होतो."